पाणी कुठे मुरते?

मंडळी, सोसायटीच्या हिशेबात काही गफलत वाटली किंवा भावकीतल्या वाटणीत शंका आली, की आपण म्हणतो, "कुठेतरी पाणी मुरते आहे." आज मी तुम्हाला सातासमुद्रापलीकडे अशा एका शहरात नेणार आहे, की जिथे हा प्रश्न मी अगदी शब्दशः ऐकला. पाणी होते एका जुन्या मोटारीच्या रेडिएटरमधले. तुम्ही म्हणाल, "साहेब, आम्हाला परदेशातल्या मोटारीचे काय करायचे?" थोडे थांबा. तुमच्या दारातला ट्रॅक्टर आणि ती मोटार यांचे नाते फार जवळचे आहे.

शहराचे नाव कॉव्हेंट्री. इंग्लंडच्या नकाशावर बरोबर मध्यावर बोट ठेवा, की ते सापडेल. माझी पुतणी तिथे नोकरीला आहे. तिच्या आग्रहावरून मी मे महिन्यात रजा काढून गेलो. लंडनहून आगगाडीने तासाभराचा प्रवास. शेतखात्यातल्या माणसाचे डोळे खिडकीबाहेरच असायचे. आपल्याकडे मे महिन्यात गहू कधीच कणगीत जाऊन पडलेला असतो. तिथे तो अजून हिरवागार, पोटरीच्या आसपास होता. मधूनमधून पिवळ्याधमक फुलांची शेते दिसत. ती मोहरीची चुलत बहीण, तेलासाठी लावतात. जमीन तांबूस, चिकणमातीची, ओली असताना नांगराला चिकटणारी. बांधाला काटेरी झुडपांचे जुने कुंपण आणि आत मेंढरे. मेंढरांमागे मेंढपाळ मात्र कुठे दिसला नाही.

कारागिरांचे शहर

कॉव्हेंट्री हे पूर्वीपासून कारागिरांचे गाव. आधी रेशमी फिती विणणारे आणि घड्याळे करणारे, मग शिवणयंत्रे, मग सायकली. दोन सारखी चाके आणि मागच्या चाकाला साखळी, अशी आज आपला दूधवाला वापरतो तशी सायकल जॉन केम्प स्टार्ले याने १८८५ साली इथेच बाजारात आणली. सायकलवरून मोटारीवर यायला या कारागिरांना वेळ लागला नाही.

१४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी हे शहर भाजून काढले. जुन्या मोठ्या चर्चच्या नुसत्या भिंती उरल्या. लोकांनी त्या पाडल्या नाहीत. तशाच बिनछपराच्या ठेवल्या आणि शेजारी नवे चर्च बांधले. ते १९६२ साली पुरे झाले. त्या भिंतींच्या आत उभे राहिले, की वर थेट आभाळ दिसते. देवळात उभे राहून आभाळ पाहताना मन कसे होते, ते तिथेच कळले.

पण माझे खरे तीर्थ होते बॅनर लेन. महायुद्धात इथे विमानांची इंजिने बनत. युद्ध संपल्यावर, १९४६ पासून, स्टँडर्ड मोटर कंपनी त्याच कारखान्यात हॅरी फर्ग्युसन यांचा छोटा करडा ट्रॅक्टर बनवू लागली. फर्ग्युसन आयर्लंडच्या शेतकऱ्याचा मुलगा. त्याआधी नांगर ट्रॅक्टरच्या मागे गाडीसारखा ओढला जाई. फर्ग्युसन यांनी अवजार तीन दांड्यांवर जोडले आणि हायड्रॉलिकने उचलले. आज तुमचा ट्रॅक्टर कोणत्याही कंपनीचा असो, मागे त्याच तीन दांड्या आहेत. १९५६ पर्यंत त्या करड्या ट्रॅक्टरचे पाच लाखांहून अधिक नग इथून बाहेर पडले. एव्हरेस्टवर चढलेले हिलरी जानेवारी १९५८ मध्ये दक्षिण ध्रुवावर पोचले, तेही फर्ग्युसन ट्रॅक्टर हाकतच.

पुढे मॅसी आणि फर्ग्युसन एक झाले. आपल्याकडे मद्रासला १९६० साली टॅफे कंपनी निघाली ती याच मॅसी फर्ग्युसनच्या सहकार्याने. म्हणजे दारात लाल मॅसी उभा असलेल्यांचे हे आजोळच. पण आजोळी आता कोणी राहत नाही. २००२ च्या अखेरीस बॅनर लेनचे काम थांबले. मी गेलो तर तिथे नवी घरे आणि मुलांच्या घसरगुंड्या.

ट्रॅक्टरचा मोटारभाऊ

पुतणीच्या गल्लीत ऐंशी ओलांडलेले एक आजोबा राहतात. बॅनर लेनवर त्यांनी उमेदीची सारी वर्षे घालवली. त्यांच्या गॅरेजात १९५९ सालची एक ट्रायम्फ टीआर ३ ए आहे. दोन माणसांची, बसकी, उघड्या टपाची धावती मोटार. तिकडे अशा गाडीला स्पोर्ट्स कार म्हणतात. चाळीसेक वर्षे त्यांनी ती स्वतःच्या हाताने सांभाळली आहे.

आता नाते ऐका. स्टँडर्ड कंपनीने १९४७ च्या सुमारास आपल्या मोटारीसाठी चार सिलिंडरचे एक दणकट इंजिन बनवले. तेच थोड्या फरकाने करड्या ट्रॅक्टरला बसवले आणि तेच आणखी थोड्या फरकाने १९५३ पासून या ट्रायम्फ मोटारींना. एक भाऊ शेतात राबला, दुसरा डांबरी रस्त्यावर पळाला. दोघांच्या पोटाची रचना एकच. सिलिंडरचे लायनर सुटे असतात आणि त्यांच्या बाहेरून पाणी खेळते. त्यांना ओले लायनर म्हणतात. आपल्याकडच्या कितीतरी डिझेल इंजिनांतही ते असतात.

आजोबांची मोटार दोन वर्षांपासून तापत होती. सपाटीवर ठीक, चढ लागला किंवा वाहनांच्या गर्दीत अडकली, की काटा वर. पन्नास मैल गेले, की रेडिएटरमध्ये जवळजवळ लिटरभर पाणी घालावे लागे. आणि गंमत म्हणजे गाडीखाली थेंबभर ओल नाही. एका गॅरेजवाल्याने सांगितले, "हेड गॅस्केट गेले. इंजिन खोलावे लागेल." खर्चाचा आकडा मोठा. आजोबांचे हात आता कापतात, तेव्हा इंजिन स्वतः खोलणे शक्य नव्हते. मुलगा म्हणाला, "बाबा, विकून टाका." एक गिऱ्हाईक पुढच्या आठवड्यात येऊन बघून जाणार होते.

आजोबा मला म्हणाले, "विकायची तर विकीन. पण पाणी कुठे जाते हे कळल्याशिवाय इंजिनही खोलणार नाही आणि गाडीही देणार नाही."

मला ते बोलणे फार पटले. कपाशी पिवळी पडली, की आपण लगेच युरिया टाकतो. पिवळेपणा नत्राच्या कमतरतेचा असेल, पाणी साचल्याचा असेल, मुळाच्या रोगाचा किंवा तुडतुड्यांचाही असेल. आधी झाड उपटून मूळ बघावे. ती मोटारही आम्ही तशीच बघितली. मी बॅटरी धरणारा, आजोबा वैद्य.

चोराचा माग

पहिला नियम : इंजिन पूर्ण थंड असताना सुरुवात. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. आत दाब असतो. झाकण सैल होताच उकळते पाणी तोंडावर येते. यात चेहरा आणि हात भाजलेली माणसे तुमच्या-माझ्या तालुक्यातही आहेत.

पाणी जायला वाटा तीनच. बाहेर, चेंबरच्या तेलात, नाहीतर सिलिंडरमधून धुराड्यात. आजोबांनी एकेक वाट तपासली. आधी बाहेरची : होज पाइपचे जोड, वॉटर पंपाच्या खालचे बारीक भोक, रेडिएटरच्या कडा. जिथे पाणी झिरपून वाळते, तिथे पांढरा किंवा हिरवट डाग राहतो. डाग नव्हता. मग डिपस्टिक काढली. तेलात पाणी मिसळले, की तेल दुधाच्या चहासारखे दिसते. ते स्वच्छ होते, म्हणजे लायनरच्या तळाची सीलेही शाबूत. मग चारही प्लग काढले. ज्या सिलिंडरमध्ये पाणी शिरते, त्याचा प्लग वाफेने धुतल्यासारखा चकचकीत होतो. चारही सारखेच तपकिरी. इंजिन तापल्यावरही धुराड्यातून पांढरी वाफ येत राहिली नाही.

मग त्यांनी रेडिएटरच्या तोंडावर एक हातपंप बसवला. त्याला दाबाचे घड्याळ असते. दाब भरला आणि आम्ही चहा घेतला. दहा मिनिटांनी काटा होता तिथेच. शेवटी बाजारात मिळणारे एक निळे औषध रेडिएटरच्या तोंडाशी धरून इंजिन चालू केले. हेड गॅस्केट फुटून जळका वायू पाण्यात येत असेल, तर ते पिवळे पडते. ते निळेच राहिले.

म्हणजे गॅस्केट निर्दोष. मग रोजचे लिटरभर पाणी जाते कुठे?

आजोबांनी तेव्हा जे केले, ते कोणत्याही खेड्यात करता येईल. रेडिएटरच्या तोंडापासून एक बारीक नळी खाली जाते. जादा पाणी त्यातून रस्त्यावर पडते. त्या नळीच्या टोकाला त्यांनी प्लॅस्टिकची रिकामी बाटली तारेने बांधली आणि गाडी अर्धा तास फिरवून आणली. बाटलीत पाऊण लिटर पाणी! गाडी धावताना पाणी वाऱ्यावर उडून जाई, म्हणून दारात कधी ओल दिसली नव्हती.

त्याची कारणे दोन निघाली. एक म्हणजे झाकण. रेडिएटरचे झाकण हे नुसते बूच नसते. त्याची स्प्रिंग आत ठरावीक दाब धरून ठेवते आणि दाबाखाली पाणी उशिरा उकळते, प्रेशर कुकरसारखे. या मोटारीचे झाकण चार पौंडांचे. तेवढ्या दाबाला पाणी १०० ऐवजी साधारण १०६ अंशांना उकळते. हातपंपावर लावून पाहिले, तर स्प्रिंग थकून निम्म्या दाबालाच तोंड उघडत होती. दुसरे कारण म्हणजे आजोबांची रोजची काळजी. ते दर सकाळी गळ्यापर्यंत पाणी भरत. आठ लिटर पाणी तापले, की ते पाव लिटरहून जास्त फुगते. वर जागा नसेल तर ते बाहेर पडणारच. या जुन्या गाडीला जादा पाणी परत घेणारी बाटली नसते, म्हणून तोंडाखाली बोटभर जागा सोडायची असते.

शेवटचा वाफा

पाण्याचा पत्ता लागला, पण इंजिन तापायचे कारण अजून राहिले होते. नुसते झाकण बदलले असते, तर पाणी टिकले असते आणि काटा तरी चढलाच असता.

इंजिनाच्या अंगाला पाणी सोडायची एक छोटी तोटी असते. आजोबांनी ती उघडली. थेंब नाही. रेडिएटर भरलेला, तोटी उघडी, तरी पाणी येईना. त्यांनी तार घालून ढोसले. आधी गाळाचे ढेकूळ आले आणि मग वीटभट्टीच्या मातीसारखे लाल पाणी. साठ वर्षांचा गंज इंजिनाच्या मागच्या टोकाला, चौथ्या लायनरभोवती साचला होता. पुढच्या सिलिंडरला पाणी मिळे, मागचा कोरडा. आपल्या पाटाच्या पाण्याचे असेच होते ना? वरच्या वाफ्याला भरपूर आणि टोकाचा वाफा तहानलेला. तोटी काढून, पाण्याचा पाइप उलट्या दिशेने लावून आम्ही दुपारभर धुतले. पाणी नितळ यायला चार तास लागले.

मग थर्मोस्टॅट. हे पाटावरचे दार समजा. इंजिन थंड असताना ते पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही. तापले की उघडते. आजीबाईंच्या स्वयंपाकघरात पातेल्यात पाणी ठेवून, तापमापी बुडवून ते पाहिले. उघडत होते वेळेवर, पण ते होते नव्या नमुन्याचे. मूळच्या जुन्या थर्मोस्टॅटला एक बाही असायची. दार उघडले, की ही बाही बगलेची वाट बंद करी आणि सगळे पाणी रेडिएटरकडे जाई. नव्याला बाही नाही, म्हणून बरेच गरम पाणी थंड न होताच पुन्हा इंजिनात फिरत होते. म्हणजे दार उघडे, पण बांध फुटलेला. आजोबांनी बगलेच्या वाटेत बारीक भोकाची चकती बसवून ती अरुंद केली. रेडिएटरच्या दोन्ही बाजूंचे पत्रे कधीतरी काढून ठेवले होते. त्यामुळे वारा जाळीतून न जाता बाजूने निसटे. तेही परत बसवले. पट्टा ताणला. नवे झाकण आणि कुलंट घातले. सगळा खर्च इंजिन खोलण्याच्या मानाने किरकोळच.

एजहिलचा चढ

दोन दिवसांनी परीक्षा. कॉव्हेंट्रीहून केनिलवर्थच्या लाल दगडी पडक्या किल्ल्यावरून, वॉरिक गाठून पुढे एजहिल. चाळीसेक किलोमीटरची वाट. वाटेत जवळच स्टोनली लागते. तिथे १९६३ पासून २००९ पर्यंत इंग्लंडचे मोठे शाही कृषिप्रदर्शन भरत असे. आजोबा तिथे कारखान्याच्या मांडवात उभे राहून शेतकऱ्यांना ट्रॅक्टर दाखवत. "शेतकरी इंजिनाचे फार विचारत नसत," ते म्हणाले. "बिघडले तर गावात कोण दुरुस्त करील, एवढेच विचारत." आपल्याकडच्या प्रदर्शनातही मी हाच प्रश्न ऐकतो.

एजहिल म्हणजे सपाट रानातून एकदम उठलेला लांबलचक कडा. २३ ऑक्टोबर १६४२ रोजी इथे राजा चार्ल्स आणि पार्लमेंट यांच्या फौजा पहिल्यांदा मोठ्या लढाईत भिडल्या. आपले शिवाजी महाराज त्या वेळी बारा वर्षांचे होते. आपल्या खंबाटकी घाटापुढे हा चढ म्हणजे टेकाड. पण तापणाऱ्या गाडीला तेवढे पुरे. आजोबांनी गिअर बदलला. दोघेही बोलत नव्हतो. माझे डोळे काट्यावर, त्यांचे रस्त्यावर. काटा १८५ फॅरनहाइटवर होता, म्हणजे आपले ८५ अंश. चढाच्या मध्यावर तो केसभर हलला आणि तिथेच राहिला. वर पोचल्यावर त्यांनी इंजिन बंद केले, नळीच्या बाटलीत डोकावले आणि ती माझ्या हातात दिली. तळाला दोन चमचे पाणी होते.

खाली सारे रान हिरव्या-पिवळ्या ठिगळांच्या वाकळेसारखे पसरले होते. घरी आल्यावर आजोबांनी गिऱ्हाइकाला फोन करून सांगितले, की गाडी विकायची नाही.

आता आपल्या दारातले

मंडळी, आपल्या ट्रॅक्टरला आणि विहिरीवरच्या इंजिनाला हीच विद्या लागते. माझ्या तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचा ट्रॅक्टर ऐन पेरणीच्या तोंडावर पाणी फेकू लागला. रोज सकाळी बादली ओतायची आणि रोटाव्हेटर जोडायचा, असे पंधरा दिवस चालले. शेवटी हेड वाकडे झाले, ट्रॅक्टर महिनाभर गॅरेजात पडला आणि बँकेचा हप्ता मात्र थांबला नाही. वापसा गेला तो गेलाच. पाणी भरणे हा इलाज नव्हे. रोज भरावे लागते आहे, याचा अर्थ ते रोज कुठेतरी जाते आहे.

म्हणून एवढे करा. सकाळी इंजिन थंड असताना पाण्याची पातळी आणि डिपस्टिक दोन्ही बघा. तेल दुधाळ दिसले, तर ट्रॅक्टर सुरूच करू नका. मळणीनंतर रेडिएटरची जाळी भुशाने बुजते. इंजिनाच्या बाजूने बाहेर हवा किंवा पाणी मारून ती साफ करा. पट्टा बोटाने दाबून पाहा. झाकणाचे रबर आणि स्प्रिंग बघा. हरवलेल्या झाकणाच्या जागी चिंधी कोंबू नका. थर्मोस्टॅट काढून फेकून देण्याचा सल्ला कोणी दिला, तर ऐकू नका. बोअरचे मचूळ पाणी घालू नका. अंघोळीच्या बंबात जो पांढरा थर धरतो, तोच इंजिनाच्या पोटातही धरतो. कंपनीने सांगितलेले कुलंट चांगल्या पाण्यात मिसळून घाला आणि ठरल्या मुदतीला बदला. काढलेले कुलंट अंगणात ओतू नका. ते गोडसर आणि विषारी असते. कुत्रे, वासरू किंवा एखादे लहान मूल तोंड लावील.

कामात काटा चढला, तर अवजार उचला, भार काढा आणि इंजिन थोडा वेळ हळू चालू द्या. पाणीच संपले असेल, तर ताबडतोब बंद करा. तापल्या इंजिनात गार पाणी ओतू नका, बीड तडकते. आणि मेकॅनिकने "हेड खोलावे लागेल" म्हटले, तर त्याला नम्रपणे एकच विचारा, "दादा, पाणी कुठे जाते ते आधी दाखवता का?" चांगला मेकॅनिक या प्रश्नाने रागावत नाही. मृग तोंडावर येण्याआधी एका सकाळी तासभर काढा आणि मुलामुलींना सोबत घेऊन ही तपासणी करा. पुढे ट्रॅक्टर त्यांनाच चालवायचा आहे.